एकच पिस्तूल घ्यायचे आहे: १९११ की हाय-पॉवर?

प्रश्न: मी अकरा वर्षे टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाले. कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल चालवली होती. इथे दीड वर्षापासून रेंजवर भाड्याच्या पिस्तुलांनी सराव करतो आणि मला जुन्या घडणीची, घोडा बाहेर दिसणारी सिंगल-अ‍ॅक्शन पिस्तुलेच (म्हणजे चाप फक्त घोडा सोडतो, घोडा आधीच मागे ओढलेला असावा लागतो अशी) आवडतात. आता स्वतःचे एक घ्यायचे आहे. ते शनिवार-रविवारी रेंजवर चालावे आणि परवाना काढल्यावर कमरेलाही लावता यावे. एक मित्र म्हणतो, .४५ चे १९११ घे, बाकी सगळी खेळणी आहेत. निवृत्त होणारे एक सहकारी त्यांचे १९७० च्या दशकातले बेल्जियन बनावटीचे हाय-पॉवर विकत आहेत. माझे मामा भारतीय सैन्यात होते आणि त्यांच्या कमरेला हेच पिस्तूल असे, त्यामुळे मन तिकडे ओढ घेते. माझे हात लहान आहेत. घोडा मागे ओढलेले पिस्तूल कमरेला लावण्याची भीती वाटते. भरलेल्या पिस्तुलाचा घोडा हळूच खाली करून ठेवला तर चालेल का? घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि पत्नी या सगळ्या प्रकाराबाबत साशंक आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटाकडे, जवळजवळ सहज विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, जिवंत काडतूस असताना घोडा अंगठ्याने खाली आणून पिस्तूल बाळगायचे नाही, १९११ मध्ये नाही आणि हाय-पॉवरमध्येही नाही. (मुंबईच्या बोलीत ‘घोडा’ म्हणजे अख्खे पिस्तूल, इथे मात्र घोडा म्हणजे मागे दिसणारा, आपटणारा तुकडा आणि बोटाने ओढायचा तो चाप, एवढा भेद ठेवू या.) घोडा खाली आणायचा तर चाप दाबावा लागतो, १९११ मध्ये तर मुठीमागची ग्रिप सेफ्टीही (मूठ पकडली की दबणारी सुरक्षा-कळ) दाबलेली असावी लागते. म्हणजे गोळी सुटू नये म्हणून कारागिराने जेवढे अडथळे उभे केले, ते सगळे तुम्ही आपल्याच हाताने बाजूला करता आणि उरलेली जबाबदारी एका घामेजलेल्या अंगठ्यावर टाकता. तो अंगठा हजार वेळा निसटत नाही, पण एकदा निसटला की गोळी सुटते, आणि त्या क्षणी नळी कुठे रोखलेली होती यावर पुढचे सारे अवलंबून राहते. घोड्याची जी अर्ध्यावरची खाच असते, ती अंगठा निसटलाच तर घोडा अडावा यासाठी आहे. घोडा तिथे टेकवून ठेवण्याची ती जागा नव्हे.

अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी या अवस्थांना जे क्रमांक दिले ते आता सर्वत्र रूढ झाले आहेत. चेंबर भरलेले, घोडा मागे आणि अंगठ्याची सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) चढवलेली, ही पहिली अवस्था. चेंबर भरलेले आणि घोडा खाली, ही दुसरी. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) भरलेले पण चेंबर रिकामे, ही तिसरी. तुम्हाला दुसरी सुरक्षित वाटते, कारण घोडा खाली असला की पिस्तूल डोळ्यांना ‘झोपलेले’ दिसते. प्रत्यक्षात तीनही अवस्थांत तीच सर्वांत वाईट आहे. तिच्यात शिरताना धोका आहे आणि तिच्यातून बाहेर पडताना, म्हणजे घाईत तो लहानसा घोडा अंगठ्याने मागे ओढतानाही, धोका आहे. पहिल्या अवस्थेत घोडा मागे असतो, दिसायला उग्र असतो, पण सेफ्टीने घोडा अडवणारा तुकडाच जखडून ठेवलेला असतो. ही पिस्तुले हाताळणारे बहुतेक जाणते लोक याच अवस्थेत ती बाळगतात.

तरीही भीती केवळ युक्तिवादाने जात नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. माझी गेली ती अशी: पिस्तूल पूर्ण रिकामे करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, घोडा मागे आणि सेफ्टी वर अशा स्थितीत ते होल्स्टरमध्ये (कमरेच्या पट्ट्याला लावायच्या म्यानात) घालून मी तीन आठवडे घरात वावरलो. भांडी घासली, जिने चढलो-उतरलो, खुर्चीत डुलक्या घेतल्या. रोज रात्री काढून पाहायचो, घोडा मागेच आहे का, सेफ्टी वरच आहे का. घोडा एकदाही पडला नाही. मात्र होल्स्टर सैल असल्यामुळे सेफ्टी दोनदा खाली सरकलेली सापडली, आणि दोष पिस्तुलाचा नसून चामड्याचा आहे हे मला त्यातून कळले. तुम्हीही हा प्रयोग करा. तीन आठवड्यांनंतरही मन घेत नसेल, तर सिंगल-अ‍ॅक्शन पिस्तूल रेंजपुरते ठेवा आणि कमरेसाठी वेगळ्या रचनेचे काही शोधा. त्यात कमीपणा नाही.

आता मूळ निवडीकडे वळतो. दोन्ही पिस्तुले एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली आहेत. जॉन मोझेस ब्राउनिंग हे युटाहमधल्या ऑग्डेनचे. त्यांच्या पिस्तुलाला अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये मान्यता दिली, ती ६,००० फैरींच्या अखंड चाचणीत ते एकदाही न अडकल्यानंतर, आणि १९८५ पर्यंत ते सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. हाय-पॉवरचे काम ब्राउनिंग यांनी बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी हाती घेतले, पण १९२६ साली तिथेच त्यांचे निधन झाले आणि ते दियुदोने सेव्ह यांनी पुरे करून १९३५ मध्ये बाजारात आणले. त्यामुळे हाय-पॉवर म्हणजे १९११ ची सुधारलेली आवृत्ती असे सरसकट म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. मॅगझिनमध्ये १३ काडतुसे दोन रांगांत बसवणे, नळीच्या तोंडाशी असलेले सुटे बुशिंग काढून टाकणे, नळी खाली ओढण्यासाठी झुलत्या कडीऐवजी पक्का कॅम देणे, या सुधारणाच होत्या. चाप मात्र सुधारला नाही, बिघडला.

१९११ चा चाप सरळ मागे सरकतो आणि त्याची पट्टी मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी जाऊन थेट मागच्या यंत्रणेला भिडते. हाय-पॉवरचा चाप एका खिळीभोवती फिरतो, एक दांडी वर उचलतो, ती दांडी स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागात) बसवलेल्या तरफेला ढकलते आणि ती तरफ मागच्या टोकाने खाली दाबून घोडा मोकळा करते. इतक्या हातांतून निरोप गेला की तो थोडा अस्पष्ट होणारच. भरीस भर म्हणून जुन्या हाय-पॉवरमध्ये मॅगझिन नसताना चाप निकामी करणारी एक कळ आहे. ती मॅगझिनच्या पत्र्यावर घासत राहते आणि चाप ओढताना बोटाला कचकच जाणवते. भाड्याच्या १९११ वर तुम्ही दीड वर्ष गोळ्या झाडल्या असाल, तर सहकाऱ्यांच्या हाय-पॉवरचा चाप पहिल्याच ओढीला तुम्हाला खटकेल.

मूठ हा हाय-पॉवरचा खरा गुण आहे. दोन रांगांचे मॅगझिन पोटात असूनही ती इतकी सडपातळ आहे की लहान हाताच्या माणसाला ते पिस्तूल आपल्यासाठीच बनवल्यासारखे वाटते. पण या गुणावर भाळून १९११ लहान हाताला बसत नाही असा निष्कर्ष काढू नका. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर १९२० च्या दशकात जो १९११-ए१ नमुना झाला, त्यात नेमके हेच दुखणे दूर केले होते: चाप आखूड केला आणि चापामागची चौकट दोन्ही बाजूंनी कोरून बोटाला वाट करून दिली. आज आखूड चाप, मुठीच्या पातळ पट्ट्या आणि मुठीमागचा सपाट तुकडा, हे तिन्ही बदल कुठलाही बरा बंदूक-कारागीर एका दुपारी करून देतो. पिस्तूल हातात घेतल्यावर, नळी मनगटाच्या रेषेत ठेवून, तर्जनीचे पहिले पेर चापाच्या मधोमध येते का आणि अंगठा पकड न सोडता सेफ्टीवर पोचतो का, एवढे दोनच प्रश्न दुकानात स्वतःला विचारा.

सेफ्टीचा मुद्दा मात्र मी निर्णायक मानतो, कारण घोडा मागे ठेवून पिस्तूल बाळगायचे तर सगळा भरवसा तिच्यावर असतो. १९११ ची सेफ्टी रुंद असते, ठाम आवाज करून वर-खाली होते, आणि नेम धरून गोळी झाडेपर्यंत अंगठा तिच्यावरच विसावलेला राहतो. त्याखेरीज ग्रिप सेफ्टी आहे, म्हणजे मूठ नीट पकडल्याशिवाय चाप हलतच नाही. (अंगठा उंच ठेवणाऱ्यांचा तळहात कधी कधी या ग्रिप सेफ्टीवरून उचलला जातो आणि ऐन वेळी चाप गप्प बसतो, म्हणून तिच्या खालच्या टोकाला उंचवटा असलेला नमुनाच घ्या.) हाय-पॉवरला ग्रिप सेफ्टी नाही. जुन्या हाय-पॉवरची अंगठ्याची सेफ्टी नखाएवढी आणि निसरडी आहे. १९८० च्या दशकात आलेल्या मार्क टू आणि त्यानंतरच्या मार्क थ्री या नमुन्यांत ती मोठी आणि दोन्ही बाजूंना झाली, पण तुमच्यासमोर आहे ते त्यांपैकी नव्हे. शिवाय जुन्या घोड्याचा एक उपद्रव असा की स्लाइड मागे येताना तो अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीला चिमटा काढतो. माझ्या हातावर पहिल्या दिवशी पन्नास गोळ्यांनंतर रक्ताची रेघ उमटली होती आणि उरलेली डबी मी रुमाल बांधून संपवली. मांसल हाताच्या माणसाला हे जास्त सोसावे लागते. तुमचा हात लहान असल्याने कदाचित सुटाल.

तुमच्या मित्राच्या .४५ बद्दल (म्हणजे सुमारे .४५ इंच व्यासाची गोळी). ते काडतूस घडले त्या काळाला त्याचे कारण होते: फिलिपिन्समधल्या लढायांत .३८ चे रिव्हॉल्व्हर अपुरे पडल्याची तक्रार झाली आणि अमेरिकी सैन्याने मोठ्या व्यासाची गोळी मागितली. सुमारे १५ ग्रॅमची, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास जाणारी ती गोळी अजूनही उत्तम आहे. पण बंदुकीच्या बाजारात ९ मिलिमीटरला खेळणे म्हणण्याचे दिवस केव्हाच सरले. आधुनिक पोकळ टोकाच्या गोळ्यांमुळे एफबीआयसुद्धा २०१० च्या दशकात .४० सोडून ९ मिलिमीटरकडे परतली. तुमच्या दृष्टीने हिशेब साधा आहे. ९ मिलिमीटरची डबी बरीच स्वस्त पडते, धक्का कमी बसतो, म्हणजे त्याच पैशात आणि त्याच मनगटात जास्त सराव होतो. नेम सरावाने बसतो, व्यासाने नाही.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे १९११ आणि ९ मिलिमीटर यांच्यात निवड करावीच लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने हलक्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची चाचपणी केली, तेव्हा कोल्टने १९११ ची नळी पाचवरून सव्वाचार इंचांवर आणून कमांडर हा नमुना तयार केला. तेव्हा ९ मिलिमीटरचा कमांडर ही आजची तडजोड नव्हे, त्या नमुन्याचा जन्मच त्यासाठी झाला. म्हणून माझा सल्ला असा की तुम्हाला एकच पिस्तूल घ्यायचे आहे आणि ते दोन्ही कामांना वापरायचे आहे, तर कमांडर मापाचे, ९ मिलिमीटरचे, आखूड चापाचे नवे १९११ घ्या. चौकट पोलादी घेतलीत तर रिकाम्या पिस्तुलाचे वजन किलोच्या आसपास जाते आणि रेंजवर ते हातात शांत राहते. अ‍ॅल्युमिनियमची घेतलीत तर पाव किलो वाचते आणि दिवसभर कंबर तुमचे आभार मानते. मी पोलादी घेतले असते, कारण तुम्ही ते बाळगाल त्यापेक्षा झाडाल जास्त. मॅगझिनमध्ये नऊ-दहा काडतुसे बसतील. १३ पेक्षा कमी, पण निवड अडावी इतकी नाहीत.

दोन मोहांपासून दूर राहा. तीन इंची नळीचे १९११ दुकानात गोजिरवाणे दिसते, परंतु ब्राउनिंग यांनी सगळे गणित पाच इंची नळीसाठी मांडले होते, आणि स्लाइड जितकी आखूड तितका स्प्रिंगला वेळ कमी मिळतो. एका कंपनीचे असे पिस्तूल मी हौसेने घेतले, ते दर दुसऱ्या मॅगझिनला अडके, दोनदा दुरुस्तीला पाठवले आणि शेवटी तोट्यात विकले. दुसरा मोह म्हणजे केसाएवढा हलका चाप. निशाणेबाजीच्या स्पर्धेत तो शोभतो. कमरेच्या पिस्तुलाचा चाप चार पौंडांखाली आणू नका.

हाय-पॉवरच हवे असा हट्ट असेल, तर मग बाळगण्यासाठी नवे घ्या. एफएनने जुन्या हाय-पॉवरचे उत्पादन २०१७ मध्ये थांबवले, आणि ते गेले म्हणून सगळे हळहळत असतानाच २०२१ मध्ये स्प्रिंगफील्ड या अमेरिकी कंपनीने एसए-३५ आणले: मॅगझिन १५ काडतुसांचे, चापाला मॅगझिनशी जखडणारी ती कळ वगळलेली, सेफ्टी मोठी, घोड्याचा चिमटा नाही. तुर्कस्तानचे गिरसान एमसीपी-३५ त्याहून स्वस्त मिळते. २०२२ मध्ये एफएननेही ‘हाय पॉवर’ याच नावाने १७ काडतुसांचे पिस्तूल आणले, पण ते आतून निराळे आहे. जुनी मॅगझिन त्यात बसत नाहीत. स्वच्छतेसाठी खोलणे हाय-पॉवरमध्ये सोपे, हेही मान्य करतो: स्लाइड मागे ओढून सेफ्टी खाचेत अडकवली, स्लाइड-स्टॉप (स्लाइड अडवणारी कळ) काढला, की स्लाइड पुढे निघून येते. १९११ चे बुशिंग फिरवताना आतली स्प्रिंग टोपीसकट छताला जाऊन भिडते, आणि जोडताना स्लाइड-स्टॉपने चौकटीवर जो कमानदार ओरखडा उठतो, तो जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या पिस्तुलावर असतो. माझ्याही आहे.

होल्स्टरवर पैसे वाचवू नका. चाप पूर्ण झाकणारे, तोंड न मिटणारे, टणक होल्स्टर आणि त्याला साजेसा जाड पट्टा घ्या. पिस्तूल परत ठेवताना सेफ्टी आधी वर, बोट बाहेर, अंगठा घोड्याच्या पाठीवर, आणि सावकाश. अपघाताने सुटणाऱ्या गोळ्यांपैकी अनेक पिस्तूल काढताना नाही, ठेवताना सुटतात. आणखी एक बारकी गोष्ट: दोन्ही पिस्तुलांत सेफ्टी वर असताना स्लाइड हलत नाही, म्हणजे भरताना आणि रिकामे करताना ती खाली करावीच लागते. ही रोजची उठाठेव टाळता येईल तितकी टाळा, कारण तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेले की गोळी आत दबते आणि दाब वाढतो. भरलेले पिस्तूल होल्स्टरसकट तिजोरीत ठेवणे आणि होल्स्टरसकट काढणे, ही उत्तम सवय आहे.

कायद्याचे थोडक्यात. ग्रीन कार्ड असल्याने तुम्ही पिस्तूल घेऊ शकता. एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो, तेव्हा रेंजवरच्या मित्रांना तुमचे उदाहरण सरसकट देऊ नका. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, तरीही तुम्ही परवाना काढणार आहात हे योग्यच आहे. शाळेच्या हजार फुटांच्या आत पिस्तूल जवळ ठेवण्याला संघीय कायद्यात जी मनाई आहे, तिच्यातून त्याच राज्याचा परवानाधारक सुटतो, आणि मुलाला सोडायला तुम्ही रोज त्या परिघात शिरणार. न्यू जर्सीला कुणा नातेवाइकाकडे जाताना पिस्तूल घरी ठेवा: तिथे टेक्सासचा परवाना चालत नाही आणि मॅगझिनची मर्यादा दहाची आहे. पुढेमागे मायदेशी परतताना ते सोबत नेण्याचा विचारही मनात आणू नका, कारण भारतात ९ मिलिमीटर हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे.

तुमच्या पत्नीची शंका रास्त आहे आणि ती तुमच्याशी वाद घालून मिटणार नाही. पिस्तुलाआधी तिजोरी विकत घ्या, तीही भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेली, आणि तिचा आकडा मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका. नऊ वर्षांच्या मुलाला तोच आधी सुचतो. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ते ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. घरात कुणावर निराशेचा किंवा संतापाचा काळ आला, तर पिस्तूल काही काळ घराबाहेर ठेवायचे, आणि तसे म्हणण्याचा हक्क दोघांपैकी कुणालाही असेल, एवढे आजच ठरवून टाका. दुकानात जाताना पत्नीला बरोबर न्या. घ्यायचेच नाही असे त्या म्हणाल्या, तर तेही ऐकून घ्या.

राहता राहिले सहकाऱ्यांचे हाय-पॉवर. मामांच्या कमरेला होते ते बहुधा बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात घडलेले ९ मिलिमीटर १ए असावे. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर सेव्ह इंग्लंडला निसटले, पुढे कॅनडात टोरंटोच्या इंग्लिस कारखान्यात हाय-पॉवर तयार होऊ लागले, आणि भारतीय पिस्तूल त्या कॅनडियन नमुन्यावर बेतलेले आहे. म्हणजे नाते खरेच आहे, चुलत का होईना. किंमत वाजवी असेल आणि घरखर्चाला चिमटा बसत नसेल, तर ते जरूर घ्या, पण केवळ रेंजसाठी. त्या काळच्या नळीच्या मागच्या उतारावर एक उंचवटा असतो. गोल टोकाची सैनिकी गोळी त्यावरून सुरळीत चढते, पोकळ टोकाची अडखळते, आणि कमरेच्या पिस्तुलात तुम्हाला पोकळ टोकाचीच लागणार आहे. उतार घासून गुळगुळीत करून देतो म्हणणारा कुणी भेटेल; मूळ स्थितीतल्या बेल्जियन पिस्तुलाला कानस लावू देऊ नका. घेतल्या घेतल्या सगळ्या स्प्रिंगा बदला, जास्त दाबाची काडतुसे त्यात घालू नका, आणि पहिल्या दिवशी खिशात चिकटपट्टी असू द्या.